उन्हाचं पथ्य

मला एका जागी बसवत नाही. शाळेत शिकवताना माझी खुर्ची रिकामीच असते आणि मी बाकांच्या मधून फिरत असते. घरी भाजी निवडायला बसले तरी दोनदा उठून दाराशी जाऊन येते. नवरा म्हणतो, "कुणाची वाट बघतेस?" कुणाचीच नाही. मूळची मी तशीच. पण ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी मला बळजबरीने बसवलं गेलं, आणि तेव्हा न फिरलेली सगळी पावलं मी अजून फिरून काढते आहे असं कधीकधी वाटतं.

आमचं घर पिंपरी पेंढारच्या मळ्यात. स्लॅबच्या तीन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, बाजूला कांदा साठवायची बराख, आणि मागे विहीर. वीज आली की विहिरीवरची मोटार गुरगुरायला लागायची आणि घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून उठायचं, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. आमच्या घरात कुणी फार वेळ बसलेलं मला आठवत नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते जेवतानाही एक पाय दुमडून, दुसरा उभा ठेवून बसायचे, हाक आली की उठता यावं म्हणून. त्यांचे थोरले भाऊ आण्णा. घरातला शब्द त्यांचा. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, आणि बोलणं तोलून मापून. त्यांच्या बायकोला मी मोठी आई म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी आणि माझा धाकटा भाऊ दोन्ही चुलींचे लाडके. आई शिनोलीच्या वरच्या अंगाची, भातखाचरांच्या मुलखातली. आमच्याकडच्या बाजरीच्या भाकरीत तिचा जीव कधी रमला नाही. माहेराहून आलेला नवा तांदूळ शिजत घातला की ती पातेल्यावर तोंड धरून वाफ घ्यायची, आणि मोठी आई तिला हसायची.

त्या उन्हाळ्यात आम्ही कांदा काढत होतो. मी तेरा वर्षांची, शाळेच्या खो-खोच्या संघातली, सुट्टीचं सगळ्यांच्या बरोबरीने वाफ्यात बसलेली. संध्याकाळी मोठ्या आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं सुवर्णे, तोंड कशानं भाजलं तुझं?" दोन्ही गाल आणि मधलं नाक लालभडक झालं होतं. ऊन लागलं असेल म्हणून तिने कोरफड चोळली. लाली गेली नाही. मग बोटांची पेरं दुखायला लागली, इतकी की कांद्याची पात कापायचा विळा धरवेना. मग एका सकाळी डोळेच उघडेनात, पापण्या अशा सुजलेल्या. पायातल्या पैंजणांचे वळ घोट्यात रुतून बसले. लघवीला फेस यायचा, आणि रंग चिंचेच्या पाण्यासारखा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी लघवी तपासली, रक्तदाब दोनदा मोजला आणि दादांना म्हणाले, "पाहुणं, आजच्या आज पुण्याला न्या."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मुलांच्या मूत्रपिंडाच्या विकारांसाठी वेगळ्या मॅडम होत्या. बारीक, उंच, आवाज खालचा. त्यांनी माझ्या पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कण काढला. सुईचं मला काही वाटलं नाही. त्यानंतर अख्खा दिवस पाठीखाली वाळूची पिशवी घेऊन हलायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही, ते मात्र मला सोसवेना. छताचा पंखा दर फेरीला कुरकुरायचा. मी त्या कुरकुरीवर मनातल्या मनात खांबापासून खांबापर्यंत पळत होते. आई पायाशी बसून माझे तळवे दाबून धरायची, कारण तेवढेच हलत होते.

कण तपासून आला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. आण्णाही आले होते. "या आजाराला ल्युपस म्हणतात," त्या म्हणाल्या. मग दादांचा चेहरा पाहून थांबल्या आणि वेगळ्या रीतीने सांगू लागल्या. "राखणीला कुत्रं ठेवतो ना आपण? चोरावर भुंकावं म्हणून. हिच्या अंगातलं राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागलंय. कातडीला चावलं, सांध्यांना चावलं, आणि आता दोन्ही मूत्रपिंडांना कडकडून चावतंय."

"मंग ते कुत्रं मारायचं का?" दादांनी विचारलं.

"मारायचं नाही, बांधायचं. मेलं तर चोर येतील. म्हणून औषध जपून द्यावं लागतं." स्टेरॉइडच्या गोळ्या तर सुरू झाल्याच होत्या. त्याबरोबर दर महिन्याला शिरेतून एक मोठं औषध द्यायचं, सायक्लोफॉस्फमाइड, सहा महिने, पुढे अंतर वाढवत आणखी. केस गळतील, उलट्या होतील, साध्या तापालाही घाबरून राहावं लागेल. ऊन अजिबात नको, ऊन लागलं की कुत्रं पिसाळतं. आणि मग मॅडमनी आवाज आणखी खाली घेतला. "या औषधाने पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते. येईलच असं नाही. हिचं वय कमी आहे, ती जमेची बाजू. पण सांगणं माझं काम आहे."

आण्णा खुर्चीत मागे टेकले. "आमी इचार करून येतो," ते म्हणाले.

"विचाराला फार वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. पण आण्णा उठले होते, आणि आण्णा उठले की दादा उठायचे.

घरी आल्यावर मला मधल्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना गोणपाट लावलं. बाहेर बराख भरत होती, टोपल्या उतरत होत्या, मोटार गुरगुरत होती, आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते. गोळ्यांनी अंगात एक विचित्र तरतरी भरलेली. झोप नाही, आणि भूक अशी की भिंतीची माती खावी. पाय सुजून जड झाले तरी मी चालायचं थांबायचे नाही. मूल वगैरे शब्द मी ऐकले होते, पण ते मला दुसऱ्याच कुणाबद्दलचे वाटत होते. माझा जीव अडकला होता शाळा उघडेल तेव्हा संघात मला घेतील की नाही यात.

पडवीतलं बोलणं सगळं आत ऐकू यायचं. आण्णा वाईट माणूस नव्हते. मूल नसलेल्या घरात बाईला काय ऐकून घ्यावं लागतं हे त्यांनी मोठ्या आईच्या बाबतीत जन्मभर पाहिलं होतं. ते माझ्या आईला म्हणाले, "अगं, पोरीची जात हाय. उद्या कोन करील तिला? डोंगराकडं एक वैदू हाय, मुतखड्याचा लोकांना गुन आलाय त्याच्या पुडीचा. महिनाभर ती दिऊन बघू."

आई थोरल्या दिरासमोर पदर सावरून दाराआड उभी राहून बोलायची. त्या दिवशीही तशीच होती. "कोन करील ते मागनं बघू, आण्णा," ती म्हणाली. "आदी ती ऱ्हायला नको का?"

तरी पुडी आली. कडू, राखेसारखी. मी ती घेतली आणि गोळ्याही घेत राहिले. पण सूज गुडघ्यावर आली, मग पोटावर. एका सकाळी मला आडवंच होता येईना. पाठ टेकली की छातीवर कुणीतरी गुडघा ठेवल्यासारखं व्हायचं. बसूनही धाप. दादा आणि आण्णा तेव्हा वैदूकडेच गेले होते, पुढची पुडी आणायला.

आईने मला पाहिलं आणि ती रस्त्यावर गेली. शेजारच्या मळ्यातला बबन टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप पुण्याला काढत होता. ती त्याच्या गाडीपुढेच उभी राहिली.

मोठी आई धावत मागून आली. "अगं, ती मानसं येऊ दे की! दुपारपातूर येत्यात."

"येतील मागनं," आई म्हणाली, आणि मला बगलेत धरून गाडीकडे नेऊ लागली. मोठी आई क्षणभर उभी राहिली. मग घरात पळाली, दोन उशा आणि एक गोधडी घेऊन आली, आणि बबनच्या शेजारच्या सीटवर स्वतःच्या हाताने रचून दिली. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बबनला म्हणाली, "गचके देऊ नगंस रं."

तो रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. आळेफाट्याला वाहनांची कोंडी, बबनचा हात हॉर्नवरून न निघणारा. आईच्या छातीला पाठ टेकून मी ताठ बसलेले, कारण तेवढाच श्वास मिळत होता. मागे क्रेट खडखडत होते आणि पिकलेल्या टोमॅटोचा आंबूस वास पुढे येत होता. पेठच्या आसपास मी पाणी मागितलं. बबन म्हणाला, "वैनी, पाजा की पोरीला. बाटली हाय माज्याकडं."

"न्हाई. पान्यानंच फुगलीया ती." आईने पदराचं टोक भिजवून माझ्या ओठांवर ठेवलं. मी ते चोखलं. एवढंसं पाणी, आणि त्याला तिच्या घामाची खारट चव. मीठ बंद होऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे ती चव मला कळली.

मॅडमनी आईला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी माझ्या गळ्यापाशी नळी घातली आणि मला डायलिसिसच्या मशीनला जोडलं. दोन-तीनदा ते झाल्यावर माझी छाती मोकळी झाली, मी आडवी झोपू शकले. मग मॅडम माझ्या खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुवर्णा, तुझ्या आईशी बोलले मी. पण औषध तुझ्या अंगात जाणार. तुला काही विचारायचंय?"

मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "खो-खो खेळता येईल का?"

"उन्हात नाही. कधीच नाही, असं समज."

"मग सावलीत?"

त्या हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "सावलीत, बरी झाल्यावर, बघू." मी म्हटलं, द्या औषध. आईने संमतीच्या कागदावर सही केली. तिची सही मी पहिल्यांदाच पाहत होते. माहेरचं नाव लिहायला गेली, थांबली, आणि खोडून सासरचं लिहिलं.

दादा दुसऱ्या दिवशी आले, हातात डबा आणि कपड्यांची पिशवी. वॉर्डच्या दाराशी उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, पुन्हा व्हरांड्यात गेले, पुन्हा आले. रखवालदार त्यांना ओरडला की एक तर आत या नाहीतर बाहेर थांबा. शेवटी खाटेच्या कडेला टेकले आणि आईला म्हणाले, "मला सांगायचं तरी."

"तुमाला सांगितलं आसतं, तर तुमी आण्णांना इचारलं आसतं," आई म्हणाली.

दादांनी मान हलवली. भांडायची नव्हे, कबुलीची. मग त्यांनी डबा उघडला. मोठ्या आईने केलेली भाकरी आणि बिनमिठाची भाजी होती. कुणीतरी तिला पथ्य समजावलं होतं, किंवा ती पडवीत सगळं ऐकत होती.

त्यानंतरचे महिने मला एकाच लांबलचक चालण्यासारखे आठवतात. महिन्यातून एकदा पुणे. शिरेत थेंब थेंब औषध, मग औषध आत साचू नये म्हणून ढीगभर पाणी पिऊन सारखं लघवीला पळणं, मग उलट्या. जिथे पूर्वी पाण्याला तरसले तिथे आता तांब्याचा तांब्या पी म्हणून नर्स मागे लागायची. घरी आई रोज सकाळी काचेच्या नळीत माझी लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायची आणि त्यात ॲसिडचे थेंब टाकायची. दूध नासल्यासारखं पांढरं व्हायचं ते. अंगातलं सत्त्व असं वाहून चाललंय, मॅडमनी सांगितलं होतं. आई नळी खिडकीतल्या फटीशी धरून बघायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही, पण त्या दिवशी भाकऱ्या थापण्याचा आवाज मोठा यायचा.

माझं तोंड गोल झालं, भोपळ्यासारखं. केस विंचरताना फणीत झुबके यायचे. भूक मात्र राक्षसी. आईने एकदा मासवडी केली, बिनमिठाची. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण, रस्सा लसूण-मिरचीने लालभडक, आणि मिठाचा कण नाही. दादांनी माझ्याच ताटातली उचलून खाल्ली, बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "झ्याक झालीया." मला हसू आवरेना, आईलाही. खोटं बोलायचा दादांना सरावच नव्हता. पण ते रोज रात्री तसंच जेवले, आणि ताटाला मीठ लावून घेतलं नाही.

शाळेत मला खिडकीपासून दूरचा बाक मिळाला. संघातल्या पोरी मैदानात खेळायच्या आणि मी व्हरांड्याच्या सावलीत, खांबाखांबांमधून येरझाऱ्या घालायचे. कुणी बाद झाली तर तिच्याआधी मला कळायचं. पावलांच्या आवाजावरूनच कळायचं. पावसाळा सरत आला असेल, तेव्हा एका सकाळी आईने नळी तापवली आणि ती नितळ राहिली. तिने पुन्हा तापवली. पुन्हा थेंब टाकले. मग तिने दादांना हाक मारली नाही, मलाही नाही. मोठ्या आईला हाक मारली. दोघी जावा त्या नळीवर वाकून उभ्या राहिल्या होत्या. मोठी आई म्हणाली, "पान्यागत हाय की गं," आणि नळी आईच्या हातून घेऊन पडवीतल्या उजेडात गेली, पुन्हा पाहायला.

हे वाचणाऱ्याला पुढचं विचारावंसं वाटतं, म्हणून इथेच सांगते. विशीत आजार पुन्हा एकदा उसळला, पुन्हा औषधं झाली. मूत्रपिंडं अजून माझीच आहेत, थोडी थकलेली. लग्न उशिरा झालं, सगळं आधी सांगून झालं. मूल झालं नाही. औषधाने, आजाराने, की नशिबातच नव्हतं, हे कुणाला सांगता आलं नाही, आणि आम्हीही फार विचारत बसलो नाही. चाळिशी ओलांडून पाच-सहा वर्षं झाली. माझ्याबरोबर त्या वॉर्डात असलेल्या सगळ्याच मुली इथवर पोहोचल्या नाहीत. त्यामुळे माझ्या वयाच्या बाया गुडघेदुखीला कुरकुरतात तेव्हा मला ते दुखणंही मोठ्या मानाचं वाटतं.

आण्णा मात्र त्या सगळ्या महिन्यांत दवाखान्यात एकदाही आले नव्हते. वैदूच्या पुडीचा विषय घरात कुणी काढला नाही, आणि तो न निघाल्यानेच ते माझ्यासमोर यायचं टाळायचे. पुढे, औषधाचं अंतर वाढल्यानंतरच्या एका खेपेला, आई तापाने फणफणली आणि दादांची कालव्याच्या पाण्याची पाळी आली. आण्णा सकाळी धोतर नेसून पडवीत उभे. "चल," म्हणाले. एवढंच.

दवाखान्यात ते माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. मी ओकले तेव्हा त्यांनी टोपलं धरलं, तोंड न फिरवता. मॅडम फेरीला आल्या तेव्हा मला वाटलं, आता ते मूल होण्याचं विचारणार. त्यांनी विचारलं, "हिला उसाचा रस चालतो का वो? मागत व्हती." मॅडम म्हणाल्या, रस्त्यावरचा नको. आण्णांनी मान डोलवली, जणू फार मोलाचं काही कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एसटीने निघालो. गाडी खचाखच. उजव्या अंगाच्या जागा सगळ्या भरलेल्या, आम्हाला मिळाली ती डावीकडची, खिडकीची. गाडी उत्तरेला वळली आणि मावळतीकडचं ऊन सरळ माझ्या अंगावर आलं. खिडकीला पडदा नव्हता, शटर अर्ध्यावर अडकलेलं. आण्णांनी ते ओढून पाहिलं, कंडक्टरला हाक मारली, पण गर्दीत त्याला ऐकूच गेलं नाही. मी म्हटलं, "राहू दे आण्णा, मी डोक्यावरनं ओढणी घेते."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या अंगावरून वाकून खिडकीवर धरलं आणि तसेच बसले. राजगुरुनगर गेलं. पेठ गेलं. गाडी उसळायची, उपरण्याचं टोक वाऱ्याने सुटायचं, ते पुन्हा मुठीत धरायचे. मंचरला एक हात भरून आला तेव्हा त्यांनी दुसरा लावला. मी औषधाच्या गुंगीत होते. डोळे मिटले की दर थोड्या वेळाने कानाशी आवाज यायचा, "आलं का गं ऊन?"

"न्हाई, आण्णा."

नारायणगावच्या पुढे ऊन कलून खालून यायला लागलं, तसे तेही खाली सरकले, सीटच्या कडेवर जेमतेम टेकून. आळेफाट्याला उतरताना त्यांना हात खांद्याच्या खाली आणता येईना. मी धरून आणला.

घरी आई गोधडीत होती. तिने मला जवळ बोलावून दोन्ही गालांवरून बोट फिरवलं, लाली शोधत. नव्हती. मोठी आई आण्णांकडे पाहत होती, ते पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलत होते. "खांद्याला काय झालं?" तिने विचारलं.

"गाडीला लई गर्दी व्हती," आण्णा म्हणाले. "दांडा धरून हुभं ऱ्हावं लागलं."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पेल्यात पाणी ओतून दिलं.